रानमोडीचा रस आणि भाताचं कोवळं मूळ

तण भाताच्या तोंडचा घास पळवतं, हे शेतात कधी न उतरलेल्या माणसालाही ठाऊक असतं. खत, पाणी, ऊन, जागा, सगळ्यात ते वाटेकरी. आपण बेणणी करतो ती याच हिशेबाने. पण तणाचा आणखी एक उद्योग आहे. ते उपटून बांधावर फेकल्यावरही तो चालू राहतो, कधीकधी तर तेव्हाच जोर धरतो. तणाच्या पानांत आणि मुळांत अशी काही रसायनं असतात, की ती पाण्यात उतरून शेजारच्या रोपापर्यंत पोचली तर रोपाची वाढ खुंटते. वनस्पतिशास्त्रात या प्रकाराला अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ साली हा शब्द रूढ केला.

गोव्यात हा विषय भाताच्या तरव्यापाशी, म्हणजे रोपवाटिकेपाशी, येऊन थांबतो. मे महिना संपत आला, की डिचोलीपासून काणकोणपर्यंत तरव्यासाठी राखलेल्या कुणग्यांची, म्हणजे शेताच्या छोट्या तुकड्यांची, साफसफाई सुरू होते. बांधावरची रानमोडी, घाणेरी, कडेचं गाजर गवत कोयत्याने तोडायचं आणि तिथेच पसरून टाकायचं. उचलून न्यायला माणसं कुठे मिळतात! मग पाऊस येतो, नांगरट होते, बी पडतं. आठ-दहा दिवसांनी दिसतं, की कुणग्याच्या मध्यावर रोपं हिरवीगार आहेत आणि बांधालगतच्या पट्ट्यात मात्र बुटकी, पिवळट. कोणी म्हणतं सावलीमुळे, कोणी म्हणतं पाणी साचल्यामुळे. दोन्ही खरं असू शकतं. तिसरं कारण रानमोडीच्या रसाचं, आणि ते सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ही रसायनं झाडाबाहेर पडतात कशी? वाटा चार आहेत. पानांवरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्याबरोबर, जिवंत मुळांतून झिरपून, कुजणाऱ्या पाल्यातून, आणि काही थोडी वाफेच्या रूपात हवेतून. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे पहिली आणि तिसरी वाट महत्त्वाची. त्यातही पहिल्या दोन-चार सरींचं पाणी जास्त तिखट. वाळलेल्या पाल्यातलं विरघळण्याजोगं बरंचसं द्रव्य सुरुवातीच्या भिजण्यातच बाहेर येतं. पुढे जुलैतल्या धो धो पावसात ते इतकं पातळ होतं आणि ओहोळाने इतकं वाहून जातं, की त्याचा धाक उरत नाही. अडचण एवढीच, की पहिल्या सरी आणि तरव्याची पेरणी यांचा मुहूर्त एकच असतो.

आता भाताच्या बाजूने पाहू. भाताचा दाणा म्हणजे अंकुराला बांधून दिलेली शिदोरी. दाण्यातला पांढरा भाग पिष्टाचा असतो, पण अंकुराला पिष्ट थेट खाता येत नाही, साखर लागते. बी भिजलं की अंकुर जिबरेलिन नावाचा संप्रेरक सोडतो. तो दाण्याच्या कडेच्या थरापर्यंत पोचला, की तिथे अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते पिष्टाची साखर करतं. तिसरं पान येईपर्यंत रोप मुख्यतः यावरच जगतं. तणाच्या अर्कात बी भिजवलं तर अमायलेजचं काम मंदावतं, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. मग शिदोरी शेजारी आणि अंकुर उपाशी. बी उगवत नाही असं नाही. उगवतं, पण उशिरा, आणि कुणग्यात एकाच दिवशी न उगवता मागेपुढे उगवतं.

खरा मार मात्र मुळावर. अर्क घालून रुजवलेल्या बियांचे प्रयोग पाहिले, तर जवळजवळ सगळीकडे क्रम तोच: उगवणीवर परिणाम कमी, कोंबाच्या उंचीवर थोडा अधिक, मुळाच्या लांबीवर सर्वांत जास्त. साहजिकच आहे. कोंब हवेत असतो, मूळ त्या पाण्यात बुडालेलं असतं. शिवाय पानाला वरून मेणाचं आवरण असतं. मुळाच्या टोकाला तसं काही नसतं; पाणी शोषून घेणं हेच त्याचं काम, तेव्हा दार उघडंच.

त्या टोकाशी जे घडतं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत रंजक वाटतं. तणांतल्या अशा रसायनांचा मोठा गट फिनॉलिक आम्लांचा: फेरुलिक, कुमॅरिक, व्हॅनिलिक, कॅफेइक. ही आम्लं मुळाच्या पेशींच्या पटलाशी पोचली, की पटलाची राखण ढिली होते. पेशीने आत साठवून ठेवलेलं पोटॅशियम बाहेर गळायला लागतं आणि नत्र-स्फुरद आत ओढण्याची ताकद कमी होते. मुळाच्या टोकाला पेशी सतत विभागत असतात, तो वेग पडतो. पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू वाढतात, आणि त्यांना आवरण्यात रोपाची शक्ती खर्च होते. यावर कडी म्हणजे फेरुलिक आम्लासारख्या द्रव्यापासून वनस्पती स्वतः लिग्निन बनवते. लिग्निन म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा पदार्थ. बाहेरून हे आम्ल जास्त आलं, तर कोवळ्या मुळाच्या पेशीभिंती वेळेआधीच कडक होतात. भिंत कडक झाली की पेशीला लांब होता येत नाही. अशी रोपं उपटून पाहिलीत तर मुळं आखूड, जाडसर, तपकिरी छटेची आणि जवळजवळ केसहीन दिसतात. वर पानं पिवळी दिसतात ती नंतर, कारण खालून काही येतच नाही.

मात्रा अगदी थोडी असेल, तर हीच रसायनं काही वेळा वाढीला चालनाही देतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोव्यातल्या आरोपींची ओळख थोडक्यात. रानमोडी मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात शोभेचं झाड म्हणून भारतात आली आणि पडीक जमिनी, काजूच्या बागा, रस्त्यांच्या कडा बळकावून बसली. तिच्या पानांत फिनॉलिक आम्लं, फ्लॅव्होनॉइड आणि तीव्र वासाची तेलं असतात. घाणेरीही पाहुणीच, तिच्यात लॅन्टाडीन नावाची द्रव्यं असतात. गुरांना ती खाऊन विषबाधा होते ती यांच्यामुळेच. गाजर गवत भारतात १९५५-५६च्या सुमारास पुण्यात नजरेस आलं आणि देशभर पसरलं. त्याचं मुख्य हत्यार पार्थेनिन, पानांवरच्या बारीक लवेत साठवलेलं. माणसाच्या कातडीला खाज सुटते तीही त्यानेच, तेव्हा हातमोजे न घालता ते उपटू नका. मोरडीच्या शेतात, जिथे पाणी साचत नाही, तिथे लव्हाळा म्हणजे नागरमोथा अधिक त्रासदायक, कारण त्याच्या गाठी जमिनीत राहतात आणि मुळांच्या शेजारीच रसायनं सोडतात. पाखड आणि सावा या भातातल्या गवती तणांकडे मी मागाहून येतो, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

आता जरा संशयाने बघायला हवं, कारण या विषयावर जे छापून येतं त्यातला मोठा भाग काचेच्या बशीतला आहे. पद्धत साधारण अशी: तणाची पानं वाळवून दळायची, पाण्यात चोवीस तास भिजवायची, गाळायची. त्या पाण्याने ओल्या केलेल्या कागदावर भाताचं बी रुजवायचं आणि आठवड्याने मूळ-कोंब मोजायचे. अर्क एक टक्क्यापासून दहा टक्क्यांपर्यंत. दहा टक्के अर्कात भाताचं मूळ पार आखडतं आणि निष्कर्ष निघतो, की अमुक तण भाताला घातक.

दहा टक्के म्हणजे शेतात किती, याचा हिशेब करून बघा. दहा टक्के म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्याला दहा ग्रॅम सुका पाला. तरव्याच्या एक चौरस मीटर जागेत पाच सेंटिमीटर पाणी उभं असेल तर ते होतं ५० लिटर. त्याचा दहा टक्के अर्क करायला ५ किलो सुका पाला लागेल, म्हणजे ओला वीस-पंचवीस किलो. एका चौरस मीटरमध्ये! कोणी एवढा घालत नाही. हेक्टरी दहा टन हिरवा पाला हे हिरवळीच्या खताचं भरपूर प्रमाण झालं. ते पडतं चौरस मीटरला एक किलो ओलं, म्हणजे सुकं २०० ते २५० ग्रॅम. त्यातलं सगळं द्रव्य एकदम पाण्यात उतरलं असं धरलं तरी अर्क होतो जेमतेम अर्धा टक्का. शिवाय प्रयोगशाळेत पाला दळलेला असतो, शेतात अख्खा.

दुसरी फसगत अशी, की दाट अर्कात रसायनांशिवाय साखर आणि क्षारही खूप असतात. अशा दाट पाण्यातून बियाला पाणी ओढून घेणंच कठीण जातं, खाऱ्या पाण्यात जातं तसं. म्हणजे मूळ आखडलं ते विषाने की तहानेने? चांगल्या प्रयोगात त्याच दाटपणाचं साधं, निर्विष द्रावण बाजूला ठेवून तुलना केलेली असते. ती नसेल, तर असे आकडे मी जपूनच वाचतो.

तिसरी गोष्ट, कागद म्हणजे माती नव्हे. आपल्या जांभ्या मातीत लोहाचे ऑक्साइड भरपूर, आणि ते फिनॉलिक आम्लांना धरून ठेवतात. मातीतले जिवाणू ही आम्लं खातात. त्यांना तो खाऊच आहे. भरपूर हवा असलेल्या, उबदार मातीत साधी फिनॉलिक आम्लं थोड्या दिवसांत मोडून जातात. म्हणून बशीत खुनी ठरलेलं तण शेतात निरुपद्रवी निघालं, असं पुष्कळदा घडतं.

मग ही नुसती प्रयोगशाळेतली करमणूक आहे का? तसंही नाही, आणि याचं कारण भाताच्या शेतीतच आहे. भात चिखलात उभा असतो. चिखलणी केली, पाणी बांधलं, की मातीतली हवा एक-दोन दिवसांत संपते. हवा नसली की कुजण्याची तऱ्हा बदलते: पाला पुरता मोडत नाही, मधेच अडकतो, आणि अ‍ॅसेटिक, ब्युटिरिक अशी आम्लं साठतात. फिनॉलिक आम्लंही जास्त काळ टिकतात. पाणी भरल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांच्या आसपास हा साठा सर्वाधिक असतो, मग ओसरतो. गोव्याची बरीचशी माती मुळात आम्लधर्मी. अशा मातीत ही आम्लं अशा रूपात राहतात, की ती मुळाच्या पटलातून सहज आत शिरतात. म्हणजे पाला, पाणी, निचऱ्याचा अभाव आणि आंबट माती हे चौघं एकत्र आले, की बशीतला प्रकार शेतात खरोखर घडू शकतो.

याचा उत्तम दाखला तैवानचा आहे, आणि तिथे आरोपी तण नव्हतंच. तैवानात वर्षाला भाताची दोन पिकं घेत. निचरा वाईट असलेल्या शेतांत दुसऱ्या पिकाचं उत्पन्न पहिल्याहून सुमारे पंचवीस टक्के कमी येई. १९७६ साली चौ आणि लिन या संशोधकांनी दाखवलं, की पहिल्या पिकाचं पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, चिखलात कुजताना पाच फिनॉलिक आम्लं सुटतात आणि ती भाताच्याच मुळांना मारतात. भातच भाताचा वैरी! आपल्याकडे पावसाळी पीक कापून लगेच वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, तयारी करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. पिंजर चिखलात गाडून आठवड्याभरात त्यावरच तरवा टाकणं ही घाई महाग पडू शकते. त्यात आणखी एक भर आहे: पिंजरासारखा नत्र कमी असलेला पाला कुजवताना जिवाणू मातीतला नत्र स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळेही रोपं पिवळी पडतात. त्याला विष कारण नसतं, उपासमार असते, आणि थोड्या नत्राने ती भरून निघते.

इथे एक पेच येतो. रानमोडी जर इतकी वाईट, तर कोकणात आणि केरळात हीच रानमोडी भाताच्या शेतात हिरवळीचं खत म्हणून गाडतात ती कशी? तिच्या पाल्यात नत्र बरा असतो, पोटॅशियमही असतं, आणि ती फुकट मिळते. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर वाटतं, फरक वेळेचा आहे. ओला पाला आज गाडला आणि उद्या मोड आलेलं बी पेरलं, तर मूळ ऐन आम्लांच्या भरतीत सापडतं. तोच पाला दोन-तीन आठवडे आधी गाडला, मधे एकदा पाणी सोडून माती हवेशीर केली, तर आम्लं मोडतात, मात्रा उतरते आणि मागे खत उरतं. थोड्या मात्रेने चालना मिळते हे मघाशी म्हटलं, तेही इथे जुळतं. शिवाय लावणीच्या शेतात, जिथे एकवीस-पंचवीस दिवसांची रोपं रुजवायची असतात, तिथे धोका कितीतरी कमी. त्या वयाच्या रोपाला मुळं पुष्कळ असतात आणि ते दाण्यावर विसंबून नसतं. म्हणून रानमोडी लावणीच्या कुणग्यात घाला, तरव्यात नको. आणि तोडायची ती फुलं येण्यापूर्वी. दिवाळीनंतर ती फुलू लागते आणि शिमग्याच्या सुमारास तिचं बी वाऱ्यावर उडतं. बियांसकट गाडलीत तर पुढच्या वर्षीची रानमोडी तुम्हीच पेरली.

बांधावर तोडून टाकलेल्या ढिगाचं गणित वेगळं आहे. सबंध कुणग्याचा हिशेब अर्धा टक्का आला, पण ढीग एका जागी असतो आणि त्याचा निथळ एका पट्ट्यातच उतरतो. तिथे मात्रा कितीतरी पट चढते. बांधालगतची रोपं बुटकी राहतात त्यामागे हे असू शकतं. उपाय अगदी साधा: ढीग उताराच्या खालच्या अंगाला टाका, किंवा सरळ माडाच्या आळ्यात न्या. माडाचं काही बिघडत नाही.

आता पाखड आणि सावा. हे भाताचे भाऊबंद, कोवळेपणी भातासारखेच दिसणारे, अनुभवी हातांनाही चकवणारे. त्यांच्याशी भाताची लढाई दोन्ही बाजूंनी रसायनांची आहे. १९७३ साली जपानी संशोधकांना भाताच्या तुसात मोमिलॅक्टोन नावाची द्रव्यं सापडली. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या भातशेतांत दिसलं, की काही वाणांच्या भोवती एक पाणतण उगवतच नाही, रोपाभोवती मोकळं वर्तुळ राहतं. पुढे लक्षात आलं, की भाताची मुळं मोमिलॅक्टोन मातीत सोडतात आणि सावा गटातल्या तणांची वाढ त्याने रोखली जाते. २०१२ साली ते द्रव्य बनवणारी जनुकं बंद केलेली भाताची रोपं तपासली, तर त्यांची तणाला रोखण्याची ताकद घटलेली निघाली. पुरावा म्हणून हे बशीतल्या अर्कापेक्षा कितीतरी भक्कम.

आणि तण? सावा गटातल्या एकिनोक्लोआ क्रस-गॅली या तणाचा जनुकसंच २०१७ साली उलगडला, तेव्हा त्यात डिंबोआ नावाचं, भाताला रोखणारं द्रव्य बनवणाऱ्या जनुकांचे तीन जुडगे सापडले. शेजारी भात असेल तर हे तण डिंबोआ जास्त बनवतं. त्याहून नवलाची गोष्ट, मोमिलॅक्टोन बनवण्याचा जनुकांचा जुडगाही त्याच्याकडे निघाला. हजारो वर्षं एकाच चिखलात राहिल्यावर शत्रूची हत्यारं ओळखीची होणारच.

सगळे भात यात सारखे नसतात. काही वाण मोमिलॅक्टोन भरपूर सोडतात, काही जवळजवळ नाहीच. तण दाबणारा वाण मुद्दाम पैदास करण्याचे प्रयत्न जगात ठिकठिकाणी चालू आहेत. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतातला, आपला कोरगुट हा भात उंच वाढतो, खारं पाणी सोसतो. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने काढलेले गोवा धान मालिकेतले वाणही खारेपणा सोसणारे. त्यांच्या मुळांतून काय झिरपतं हे तपासणं मला तरी मोलाचं वाटतं. खाजनात तणनाशक फवारायचं म्हणजे मानशीतून, बांधातल्या पाण्याच्या दारातून, ते थेट नदीत आणि मासळीत जाणार.

शेवटी पिवळ्या तरव्याकडे येऊ. तो पाहून लगेच तणाच्या रसावर खापर फोडू नका. पानांची टोकं वाळून पांढरट झाली असतील तर आधी खारेपणा तपासा. जुन्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसले तर जांभ्या भागातला लोहाचा अतिरेक असण्याची शक्यता जास्त. सगळी रोपं एकसारखी फिकट, पण मुळं लांब आणि पांढरी असतील, तर नत्र कमी आहे. मुळं आखूड, जाड, तपकिरी आणि त्रास ठरावीक पट्ट्यातच असेल, तर तणाचा संशय घ्यायला जागा आहे.

तो संशय घरच्या घरी तपासता येतो. नारळाच्या सहा करवंट्या घ्या, बुडाला भोक पाडा. दोनांत संशयित पट्ट्यातली माती, दोनांत त्याच कुणग्याच्या मध्यावरची चांगली माती, आणि उरलेल्या दोनांत पुन्हा संशयित मातीच, पण तिच्यात मूठभर कोळशाची पूड मिसळून. ही फिनॉलिक द्रव्यं कोळशाला बऱ्यापैकी चिकटतात. सगळ्यांत एकाच वाणाचं, मोड आलेलं, मोजून सारखं बी घाला आणि सारखंच पाणी द्या. दहा दिवसांनी रोपं हलक्या हाताने धुऊन काढा आणि मुळं मोजा, पानं नाही. संशयित मातीत मुळं आखूड आणि कोळसा घातलेल्या मातीत ती सुधारली असतील, तर तुमचा संशय बराचसा खरा. पुढच्या वर्षी तिथे तरवा टाकण्याआधी पाला उचला आणि पेरणी दोन आठवडे पुढे ढकला. कोळसा घालूनही मुळं तशीच राहिली, तर दोष दुसरीकडे आहे, आणि त्या पट्ट्यातली माती विभागीय कृषी कार्यालयात तपासायला द्यावी, क्षार आणि आम्लता दोन्हींसाठी.